जावाच्या खेड्यात जमीन कोणाच्या नावावर आहे ते आधी बघा

इंडोनेशियात गेली बरीच वर्षं एक तक्रार सतत ऐकू येते. मंत्री बोलतात, पेपरात छापून येतं, टीव्हीवर चर्चा होतात, की खेड्यातली तरुण पोरं शेती करायला तयार नाहीत, सगळी शहराकडे निघालीत, शेतकरी म्हातारा होत चाललाय आणि उद्या भात पिकवणार कोण. मग त्यावर उपाय म्हणून ‘मिलेनियल शेतकरी’ अशा नावाच्या योजना निघतात, ट्रेनिंग होतं, ड्रोनने फवारणी करून दाखवतात, तरुणांनी शेतीकडे वळावं म्हणून भाषणं होतात. मला ही मांडणी मुळातच चुकीची वाटते. निदान जावा बेटापुरतं तरी. तिथल्या बहुतेक पोरांच्या हातात शेती कधी आलेलीच नसते, मग ती सोडायचा प्रश्न येतो कुठून? जमीन कोणाच्या नावावर आहे, कसतो कोण आणि पिकातला वाटा कोणाला किती मिळतो हे तीन प्रश्न बाजूला ठेवून जावाच्या खेड्याबद्दल कितीही बोललं तरी काही हाती लागत नाही असं माझं स्पष्ट मत आहे, आणि हे प्रश्न बाजूला का पडले त्याला इतिहास आहे, तो आपोआप घडलेला नाही.

आधी जावा म्हणजे किती ते बघू. क्षेत्रफळ साधारण 1 लाख 30 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून कमी, आणि 2020 च्या जनगणनेत लोकसंख्या 15 कोटींच्या वर. एवढी गर्दी आणि तरी देशाचा निम्म्याहून जास्त भात याच बेटावर पिकतो. ज्वालामुखीची काळी माती, पाटाचं पाणी, वर्षाला दोन भाताची पिकं आणि जमलं तर तिसरं सोयाबीन, मका किंवा मूग. हेक्टरी उतारा भारताच्या सरासरीपेक्षा चांगलाच जास्त आहे. म्हणजे जावाच्या शेतकऱ्याला शेती येत नाही, तो मागासलाय, त्याला कोणीतरी शिकवायला पाहिजे असं कोणी म्हणत असेल तर त्याने आधी हे आकडे बघावेत. पीक येतंय. प्रश्न खळ्यावर सुरू होतो.

एक साधा हिशोब करून बघू, कारण हिशोब केल्याशिवाय हे कळत नाही. समजा अर्धा हेक्टर पाटाखालची जमीन आहे, म्हणजे आपल्याकडचे साधारण पन्नास गुंठे. जावामध्ये बहुसंख्य शेतकऱ्यांकडे एवढीसुद्धा नसते, तरी धरू. चांगलं पीक आलं तर ओला भात तीनेक टन निघतो. 2025 च्या जानेवारीपासून सरकारी खरेदीचा भाव किलोला 6,500 रुपिया आहे, म्हणजे झाले 1 कोटी 95 लाख रुपिया, आपल्या पैशात लाखभर रुपये. आकडा ऐकायला मोठा वाटतो. आता काढणी-मळणीवाल्यांचा वाटा आठाला एक धरला तर राहिले 1 कोटी 70 लाख. जमीन स्वतःची नसेल आणि निम्म्या वाट्याने कसायला घेतली असेल, ज्याला तिकडे ‘मारो’ म्हणतात, तर निम्मे मालकाला गेले, हातात राहिले 85 लाख. त्यातून नांगरट, बी, खत, औषध, लावणीची मजुरी याला समजा तीस लाख गेले (हा खर्च कुठे मालक वाटून घेतो, कुठे सगळा कसणाऱ्याच्या अंगावर पडतो, गावागावावर आहे). उरले 55 लाख, तेही चार महिन्यांच्या कष्टाचे. महिन्याला चौदा लाख पण नाही. आणि त्याच वेळी मध्य जावातल्या सगळ्यात कमी किमान वेतनाच्या बांजारनेगारा जिल्ह्यात 2024 ला महिन्याचा किमान पगार 20 लाखांच्या थोडा वर होता, तर पश्चिम जावातल्या कारखान्यांच्या कारावांगला 50 लाखांच्या वर. हे चांगल्या पिकाचं बोलतोय मी, तुडतुडे पडले, पूर आला, उंदरांनी खाल्लं तर काय ते वेगळं. आता सांगा, वीस-बावीस वर्षांच्या पोराने वाट्याची शेती करायची की गाडीला किक मारून कारावांगला जायचं? त्याने आळशीपणा केला म्हणायचं की साधं गणित केलं म्हणायचं?

बरं, पोरगं म्हणालं की मी साठवतो आणि स्वतःची जमीन घेतो, तर ते होत नाही, कारण जमिनीचा रेट भाताच्या उत्पन्नावर ठरत नाही. तो ठरतो टोल रोडवर (2018 च्या डिसेंबरात जकार्तापासून सुराबायापर्यंत सलग टोल रोड झाला), हाउसिंगवाल्यांवर, शहरातल्या नोकरदारांच्या पैशावर आणि हाँगकाँग-तैवानला घरकाम करणाऱ्या बायकांनी पाठवलेल्या पैशावर. मग उरतो एकच मार्ग, वारसा. तिथे पण बघा, बापाकडे पाऊण एकर, बाप साठीचा आणि अजून टणक, तो जमीन सोडणार कशाला आणि का सोडावी, त्याचं तेवढंच तर आहे. पोराच्या हातात ती येणार चाळिशीत, ती पण तीन-चार भावंडांत वाटून. बेन व्हाइट नावाचे अभ्यासक 1970 च्या दशकापासून जावाच्या खेड्यांवर काम करतायत, त्यांनी हा मुद्दा फार नीट मांडलाय, की तरुणांचं शेतीपासून तुटणं म्हणजे बहुतेक वेळा त्यांना जमीन मिळायची वाट बघावी लागणं असतं. वीस ते चाळीस ही वीस वर्षं पोराने काय करायचं? तो बांधकामावर जातो, फॅक्टरीत जातो, आणि चाळिशीनंतर परत येऊन शेती करतो, कारण तेव्हा त्याला ती मिळते. शेतकऱ्यांची गणना केली की निम्म्याहून जास्त 45 च्या पुढचे दिसतात आणि सगळे घाबरतात, पण ज्या समाजात जमीन चाळिशीनंतरच हातात येते तिथे शेतकरी म्हणून नोंद तेव्हाच होणार ना.

आता यावर नेहमी एक उत्तर येतं की जावाचं खेडं म्हणजे गोतोंग रोयोंग, सगळे मिळून काम करतात, एकमेकांना सांभाळतात, तिथे आपल्यासारखी जमीनदारी नाही. हे चित्र बऱ्याच जुन्या काळापासून चालत आलंय. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी 1963 ला मांडलं की जावामध्ये लोकसंख्या वाढत गेली तसं त्याच शेतात जास्त हात आणि त्याच भाकरीचे आणखी तुकडे असं होत गेलं, सगळ्यांनी गरिबी वाटून घेतली. मांडणी आकर्षक होती आणि जगभर गाजली. पण नंतरच्या गावपातळीच्या अभ्यासांनी दाखवून दिलं की भूमिहीन लोक जावामध्ये डच काळातही भरपूर होते, काही घरांकडे जमीन आणि बाकीच्यांकडे फक्त हात, आणि गरिबी वाटली गेली ती गरिबांच्यात. वाटून खाण्याच्या रीती होत्या हे मात्र अगदी खरं, आणि त्या मोडल्या कशा हे बघण्यासारखं आहे.

जुन्या पद्धतीत भात पिकला की काढणीला कोणालाही येता यायचं. मुख्यतः बायका. हातात आनी-आनी, म्हणजे लाकडाच्या छोट्या तुकड्याला बसवलेलं बोटभर पातं, ते तळहातात लपेल असं धरायचं आणि एकेक लोंबी वेगळी खुडायची, कारण भाताची देवी, देवी श्री, मोठं हत्यार बघून बिचकेल अशी श्रद्धा. खुडलेल्या लोंब्यांच्या जुड्या बांधायच्या, मालकाच्या दारात नेऊन मांडायच्या, आणि मालकीण त्यातून प्रत्येकीचा वाटा काढून देणार. या वाट्याला बावोन म्हणतात. दहाला एक, आठाला एक, जवळच्या नात्यातलीला थोडं जास्त. भूमिहीन घराचं वर्षाचं बरंचसं तांदूळ या वाट्यातून यायचं. एखाद्या छोट्याशा शेतात शंभर-शंभर बायका उतरायच्या आणि मालकाला कोणाला नाही म्हणता यायचं नाही, गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

मग 1960 च्या दशकाच्या शेवटी नवीन बियाणं आलं, आयआर-8 आणि त्याची भावंडं. बुटकं, लवकर येणारं, एकदम पिकणारं. बुटक्या भाताला आनी-आनी सोयीची नाही, विळा सोयीचा. आणि त्याच सुमाराला ‘तेबासान’ पसरली, म्हणजे मालकाने उभं पीकच व्यापाऱ्याला विकून टाकायचं. तो व्यापारी बाहेरचा, तो आपली दहा-पंधरा माणसं आणणार, विळ्याने कापणार, वजनावर पैसे देणार. गावातल्या बायका बांधावर आल्या तर मालक म्हणणार, माझ्या हातात काही नाही गं बाई, पीक विकलंय. मालकाचा शब्द पण राहिला आणि वाटा पण वाचला. काही ठिकाणी दुसरी रीत आली, की ज्यांनी लावणी-खुरपणी फुकट केली त्यांनाच काढणीचा हक्क, म्हणजे तोच बावोन मिळवायला आता आधी बिनपगारी राबायचं. आणि जवळपास त्याच वर्षांत गावोगावी भात भरडायच्या छोट्या गिरण्या आल्या आणि मुसळाने कांडण करणाऱ्या बायकांचं काम हां हां म्हणता गेलं. उखळाच्या कांडणाचे कष्ट कोणी परत मागत नाही, मी पण नाही, पण ते गरीब बायकांचं नगद उत्पन्न होतं आणि त्याच्या जागी त्यांना काहीच दिलं गेलं नाही.

इथे कोणी विचारेल की लोक गप्प कसे बसले. इथेच 1965 येतं, आणि हा भाग टाळून जावाच्या शेतीवर लिहिणं मला प्रामाणिक वाटत नाही. 1960 ला इंडोनेशियाने जमिनीचे फार चांगले कायदे केले होते. दाट लोकवस्तीच्या भागात एका घराकडे पाटाखालची 5 हेक्टरपेक्षा जास्त जमीन नको, शक्यतो प्रत्येक शेतकरी घराकडे 2 हेक्टर असावी, तालुक्याबाहेर राहणाऱ्याने शेतजमीन ठेवू नये. वाट्याच्या शेतीचा वेगळा कायदा त्याच वर्षी झाला, की करार लेखी पाहिजे, गावप्रमुखासमोर पाहिजे, भाताच्या जमिनीला किमान 3 वर्षांचा पाहिजे. आपल्याकडे 1948 चा कूळकायदा आणि नंतर 1957 चा कृषक दिन ज्यांच्या घरात बोलला जातो त्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल. पण मालकांनी जमिनी नातेवाइकांच्या नावावर केल्या, अंमलबजावणी रेंगाळली, आणि 1963 नंतर डाव्या शेतकरी संघटनेने लोकांना घेऊन जमिनींवर थेट ताबे घ्यायला सुरुवात केली. गावं दुभंगली, मारामाऱ्या झाल्या. आणि 1965 च्या ऑक्टोबरपासून काही महिन्यांत देशभर किमान 5 लाख माणसं कम्युनिस्ट ठरवून मारली गेली असा सर्वसाधारण अंदाज आहे, त्यातली खूप मोठी संख्या मध्य आणि पूर्व जावातली, आणि कितीतरी जण साधे वाटेकरी आणि मजूर होते ज्यांनी फक्त एवढंच मागितलं होतं की कायद्याप्रमाणे वाटा द्या. त्यानंतर लष्करातून येऊन राष्ट्राध्यक्ष झालेल्या सुहार्तोंच्या राज्यात खेड्यात राजकीय पक्षाला शाखा काढायची परवानगी नव्हती. जमिनीचा विषय काढणारा म्हणजे कम्युनिस्ट, आणि कम्युनिस्ट म्हणजे काय होतं ते प्रत्येकाने नदीकाठी बघितलेलं होतं. अशा गावात तेबासान आली, विळा आला, गिरणी आली. कोण बोलणार होतं?

सुहार्तोंच्या काळात भात वाढला हे नाकारायचं कारण नाही. 1984 ला देश तांदळात स्वयंपूर्ण झाला, पाट दुरुस्त झाले, शाळा झाल्या, रस्ते झाले, खाणं सुधारलं. 1986 ला तपकिरी तुडतुड्यांनी भात खाल्ला तेव्हा 57 कीटकनाशकांवर भातासाठी बंदी घालायचं धाडस त्याच सरकारने केलं, कारण औषधाने तुडतुड्याचे शत्रूच मरत होते, आणि नंतर शेतकऱ्यांच्या शेतशाळा झाल्या त्या आजही जगात उदाहरण म्हणून सांगितल्या जातात. चांगलं झालं ते चांगलंच म्हणायचं. पण वाढलेल्या भातावर पहिला हक्क जमीनवाल्याचा राहिला आणि वाटेकऱ्याच्या कायद्याची ती चांगली कलमं कागदावरच पडून राहिली. ते कायदे आजही रद्द झालेले नाहीत. आणि आजही बहुतेक वाट्याचे करार तोंडी असतात, एका हंगामाचे, मालकाने पुढच्या हंगामाला नाही म्हटलं की संपलं.

बाहेरून आलेल्या धक्क्यांचं ओझं खालच्याच माणसावर पडणं हे जावाला नवीन नाही, आणि त्यात एकदा आपलाही हात लागलेला आहे. डचांनी 1830 पासून गावाच्या पाचव्या हिश्श्याच्या जमिनीवर ऊस, नीळ, कॉफी असं निर्यातीचं पीक सक्तीने घ्यायला लावलं, नेदरलँडची तिजोरी भरली आणि 1849-50 ला देमाक आणि ग्रोबोगान भागात माणसं भुकेने मेली. पुढे साखर कारखान्यांनी गावाची पाटाखालची जमीन पाळीपाळीने भाड्याने घेतली. 1930 च्या सुमाराला जावाची साखर जवळपास 30 लाख टनांवर गेली होती आणि तिचं एक मोठं गिऱ्हाईक म्हणजे भारत, मुंबईच्या बाजारात जावाची साखर यायची. मग महामंदी आली, भारताने 1932 ला आपल्या साखर उद्योगाला संरक्षण दिलं, आणि जावाचे बहुतेक कारखाने काही वर्षांत बंद पडले. आपल्या नगर-पुणे पट्ट्यात त्यानंतर जे उसाचं राज्य उभं राहिलं, 1950 ला प्रवरानगरचा सहकारी कारखाना आणि पुढचं सगळं, त्याची सुरुवात त्या संरक्षणात आहे. इतकंच काय, दख्खनच्या पाटांवर एके काळी सगळीकडे लागलेला को-419 हा ऊस ज्या पीओजे-2878 पासून तयार झाला तो जावाच्या पासुरुआनच्या संशोधन केंद्रात 1921 ला निघालेला वाण. त्यांचं बियाणं आपल्याकडे वाढलं आणि त्यांची साखर आपण थांबवली. यात आपण काही पाप केलं असं मी म्हणत नाही, पण ऊसतोडीचे आणि कारखान्याचे पैसे अचानक बंद झालेल्या त्या जावाच्या गावांबद्दल निदान मराठी वाचकाने परकेपणा ठेवू नये असं मला मनापासून वाटतं.

आता आजचं घर कसं चालतं ते बघा. पूर्व किंवा मध्य जावातल्या एखाद्या साध्या घरात नवरा थोडी वाट्याची शेती करतो आणि लावणी उरकली की सेमारांगला किंवा जकार्ताला बांधकामावर जातो. बायको परसातली केळी, नारळ, कसावा आणि घरी केलेलं तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या) घेऊन बाजारात बसते. बाजार पाच दिवसांच्या चक्राने भरतो, आज या गावात, परवा त्या गावात, आणि पैशाचा व्यवहार बहुतेक घरात बाईच्याच हातात. गोठ्यातली गाय दुसऱ्याची असते, वासरू निम्म्या वाट्याने. अडीनडीला आरिसान आहे, अगदी आपली भिशी. मोठी मुलगी कपड्याच्या फॅक्टरीत, आणि नाहीतर परदेशात. हाँगकाँगला दीड लाखाच्या आसपास इंडोनेशियन बाया घरकाम करतात, पोनोरोगो, तुलुंगआगुंग, चिलाचाप, इंद्रामायू असे जिल्हेच्या जिल्हे या पैशावर टाइल्सची घरं बांधतात. पोरं आजीकडे वाढतात. कोकणात मुंबईच्या मनीऑर्डरवर घरं चाललेली ज्यांनी बघितलीत त्यांना हे समजावून सांगायला नको. या घराचा अभिमानच वाटावा, एवढ्या बाजूंनी हातपाय मारून ते तगतंय, पण ‘विविध उत्पन्नस्रोत’ म्हणून त्याचं जे कौतुक रिपोर्टमध्ये होतं ते मला पटत नाही. पाच कामं करावी लागतात कारण एकातूनही भागत नाही.

मग काही लोक म्हणतात ठीक आहे, शेती सोडू द्या ना, फॅक्टरीत जाऊ द्या, सगळ्या देशांत असंच झालं, छोटे तुकडे एकत्र करा, मशीन आणा. या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही. कापणीला माणसं मिळत नाहीत ही मालकांची तक्रार बऱ्याच भागात खरी आहे, लावणीला येणाऱ्या बायका पन्नाशी-साठीच्या आहेत, त्यांच्या पाठीचं काय होतं ते त्यांनाच माहीत, आणि कंबाइन हार्वेस्टर आलं म्हणून रडत बसण्यात अर्थ नाही. पण फॅक्टरी किती भरवशाची? जास्त पगाराच्या कारावांगकडून कपड्याचे आणि बुटांचे कारखाने कमी पगाराच्या मध्य जावाकडे सरकतात, आणि तिथेही टिकतीलच असं नाही. सुकोहार्जोची स्रीतेक्स, देशातली कपड्याची मोठ्यात मोठी कंपनी, 2024 च्या ऑक्टोबरात दिवाळखोर जाहीर झाली आणि 2025 च्या मार्चला बंद, दहा हजारांच्या वर लोक घरी. 1998 च्या आर्थिक संकटात असंच झालं होतं, 2020 ला कोविडमध्ये असंच झालं. प्रत्येक वेळी माणसं गावाला परत येतात आणि अर्थशास्त्रवाले म्हणतात की बघा खेड्याने धक्का कसा झेलला. ज्याच्या नावावर वीस गुंठे तरी होते त्याने झेलला. ज्याच्या नावावर काही नव्हतं तो बहिणीच्या पडवीत राहिला आणि मिळेल त्या मजुरीला गेला. म्हणजे जमीन आज जावामध्ये उत्पन्नाचं साधन आहे त्याहून जास्त ती विमा आहे, आणि फॅक्टरीचं काम जितकं कच्चं तितकी ही विम्याची गरज पक्की. तुकडे एकत्र करा म्हणणाऱ्यांनी हा विमा कोणाचा काढून घ्यायचा ते पण सांगावं.

सरकारचं उत्तर मात्र वेगळंच आहे, आणि ते वर्षानुवर्षं तेच आहे, जावाच्या बाहेर नवीन जमीन फोडायची. 1995 ला सुहार्तोंनी मध्य कालिमांतानमध्ये (बोर्निओ बेटावर) पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या पालापाचोळ्याच्या थराच्या, दलदलीत दहा लाख हेक्टर भातशेती करायचं ठरवलं, हजारो किलोमीटर चर खणले, पीट वाळलं, 1997 ला भयानक आगी लागल्या, भात काही झाला नाही आणि 1999 ला प्रकल्प गुंडाळला. त्याच भागात 2020 नंतर परत फूड इस्टेट, म्हणजे सरकारी मोठ्या शेतीचा प्रकल्प. आणि आता पापुआमध्ये मेरौकेला लाखो हेक्टरवर ऊस आणि भात, तिथल्या मालिंद लोकांच्या जंगलात एक्स्कॅव्हेटर उतरलेत, ते लोक विरोध करतायत. जिथे भात येतो हे हजार वर्षांपासून माहीत आहे त्या जावामध्ये पाटाखालच्या जमिनीवर हाउसिंग आणि फॅक्टऱ्या होऊ द्यायच्या (शेतजमीन वाचवायचा कायदा 2009 चा आहे, तरी) आणि हजारो किलोमीटरवर जंगल तोडायचं, याचं कारण मला एकच दिसतं. पापुआच्या जंगलात जावाच्या जमिनीच्या मालकीचा प्रश्न विचारावा लागत नाही.

जावामध्ये जमीन शिल्लकच नाही, वाटायची कुठली, असं यावर म्हटलं जातं. सगळ्यांना 2 हेक्टर देण्याइतकी नाहीच, 1960 ला पण नव्हती. पण दोन गोष्टी आहेत ज्या आज आहेत आणि ज्यांना नवीन कायदा लागत नाही. पहिली म्हणजे वाट्याचा लेखी करार. तीन वर्षांचा कागद हातात असला तर वाटेकरी बांध नीट घालेल, शेणखत टाकेल, शेतकरी गटाच्या यादीत त्याचं नाव हक्काने लागेल आणि अनुदानाचं खत त्याला मिळेल. आज कितीतरी ठिकाणी कसणारा एक आणि यादीत दुसराच असं आहे. दुसरी म्हणजे गावाची स्वतःची जमीन. जावाच्या बहुतेक गावात पाटाखालची उत्तम जमीन गावाच्या मालकीची असते, आणि त्यातली बेंगकोक म्हणतात ती जमीन गावप्रमुख आणि बाकी अधिकाऱ्यांना पगाराच्या जागी कसायला मिळायची. गावप्रमुखाकडे कित्येक हेक्टर, आणि तो ती स्वतः कसतो असं क्वचितच, भाड्याने देतो, तेही जो आगाऊ रोख देईल त्याला, म्हणजे ज्याच्याकडे आधीच पैसा आहे त्याला. 2014 च्या गाव कायद्यानंतर हे उत्पन्न गावाच्या तिजोरीत जायला पाहिजे होतं, आणि 2015 पासून केंद्राचा गावनिधीही सुरू झाला, 2019 ला तो 70 लाख कोटी रुपियांवर गेला होता, अधिकाऱ्यांचा पगारही ठरला. तरी 2015 लाच नियम सैल झाले आणि बेंगकोकचं उत्पन्न अधिकाऱ्यांच्या ज्यादा भत्त्याला वापरायची सोय राहिली. योगकर्ताच्या शहरालगत तर गावच्या जमिनीवर बेकायदा घरं उठली आणि 2023 ला ते प्रकरण कोर्टात गेलं.

गावप्रमुखांची ताकद केवढी आहे ते 2023 च्या जानेवारीत दिसलं, हजारो प्रमुख जकार्ताला संसदेसमोर जमले, पदाची मुदत वाढवून द्या म्हणाले, आणि 2024 ला ती सहाची आठ वर्षं झाली पण. भूमिहीनांचा असा मोर्चा निघत नाही. पण ते कधी उभेच राहत नाहीत असंही नाही, मध्य जावातल्या केंडेंगच्या डोंगरातल्या नऊ बायका 2016 ला सिमेंट फॅक्टरीच्या विरोधात राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यासमोर स्वतःचे पाय पेट्यांत ठेवून त्यांवर सिमेंट ओतून बसल्या होत्या आणि त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने निकाल शेतकऱ्यांच्या बाजूने दिला. त्यांना आपली जमीन वाचवायची होती. ज्यांना वाचवायलाही जमीन नाही त्यांच्यासाठी मागणी साधी आहे, की गावच्या जमिनीचा लिलाव रोख पैशावर नको. पंचवीस गुंठ्यांचे प्लॉट पाडा, भूमिहीन घरातल्या तरुणांची आणि एकट्या बायकांची नावं घ्या, चिठ्ठ्या टाकून तीन वर्षांच्या लेखी कराराने द्या, भाडं पीक निघाल्यावर घ्या. कायद्याने गावसभा आहे, गावाच्या मालमत्तेचं काय करायचं हा विषय तिच्यासमोर येतो, कागदपत्रं गावाच्या ऑफिसात आहेत आणि कोणती जमीन कोणाला भाड्याने दिली ते गावात सगळ्यांना तोंडपाठ असतं. मिलेनियल शेतकऱ्यांच्या ट्रेनिंगवर खर्च करणाऱ्या मंत्रालयाने आधी एवढीच यादी प्रत्येक गावाकडून मागवून घ्यावी आणि गावच्या ऑफिसच्या भिंतीवर लावायला सांगावी.